गरम दगड

कान अदरोबचे, कुदळ माझी.
आम्हा भावांचा करार एवढाच.
बाकी कागद यंत्राच्या मालकाचा:
निम्मं सोनं त्याचं, पाव गाडीचं,
उरल्या पावात आम्ही दोघं
आणि पीठ, पाणी, बॅटऱ्यांची उधारी.

अबू हमदच्या पूर्वेला दीड दिवस.
इथली जमीन काळी-तांबडी, लोखंडानं माजलेली,
यंत्र टेकवलं की जागोजाग बोंबलते.
अदरोब आधी तिची समजूत काढतो.
तबकडी खाली-वर, खाली-वर,
तव्याची धग हातानं बघावी तशी,
एकेक खुंटी पिळत,
तोवर, जोवर हेडफोनमध्ये
एक बारीक गुणगुण उरते म्हणे,
माठाच्या तोंडाशी घुटमळणाऱ्या माशीएवढी.
त्या गुणगुणीत जिथं केस अडकतो
तिथं सोनं.
किंवा सार्डिनच्या डब्याचं झाकण.
किंवा कुठल्यातरी साहेबाच्या लढाईतली गोळी.
किंवा गरम दगड.

गरम दगड हाताला थंडच लागतो.
अंड्याएवढा, जड, लबाड.
सोन्याचा आवाज काढतो
आणि कोपरभर खड्डा मागतो.
असे किती उपसले मी! आमची चूल त्यांचीच.
त्यांच्यावर जबन्याची सुरई नीट बसते,
आल्याची कॉफी उतू जात नाही,
एवढा गुण कबूल केला पाहिजे.

हेडफोन एकच. मला काही ऐकू येत नाही,
म्हणून मी त्याची मान वाचतो.
पत्रा असला की खांदे सैल.
शिसं असलं की थांबतो, थुंकतो.
आणि सोनं असलं
की कानामागची एक शीर,
एरवी दिसतसुद्धा नाही, ती उठते.
सहा महिन्यांत नऊ वेळा पाहिली मी ती.
गुंजभर, दोन गुंजा, कधी ज्वारीचा दाणा,
एकदा खारकेच्या बीएवढं.
त्या रात्री मालकानं बकरा कापायला लावला,
तराजू मात्र स्वतः धरला.

मंगळवारचं सांगतो.
मालक ओम्दुरमानहून आलेला,
टोयोटाच्या सावलीत, घडीच्या खुर्चीवर, पाय वर.
आम्ही कोरड्या ओढ्यातून वर चढलो,
जिथं फार जुन्या माणसांची दगडी जाती
पालथी पडलीत.
गारगोटी दळून सोनं काढायचे म्हणे.
यंत्राला त्या जात्यांचं काहीच ऐकू येत नाही.
तिथं तबकडी एका जागी गेली,
मागे आली,
पुन्हा गेली.
शीर उठली.
मी कुदळ खांद्यावरून उतरवली.
"गरम दगड," अदरोब म्हणाला. मोठ्यानं. अरबीत.
आम्ही एकमेकांशी कधीच अरबी बोलत नाही.
आणि चालू लागला,
डाव्या चपलेची टाच जरा फरफटत,
काटा मोडल्यासारखी.

रात्री विचारलं, तर झोप म्हणाला.
दुसऱ्या दिवशी विचारलं, तर बॅटरी मोजत बसला.
मग लढाई आली, रस्ते तुटले,
मालक गाडी आणि यंत्र घेऊन उत्तरेला गेला.
अदरोब सुवाकिनहून बोटीवर चढला.
पलीकडे जेद्दाहला कुणाच्या तरी उंटांना वैरण घालतो.

कधीमधी फोन लागतो.
आई विचारते जेवतोस ना,
मी विचारतो, तो दगड होता की नव्हता?
मध्ये नुसती गुणगुण.
"काय?" तो म्हणतो, "काय म्हणालास?
ऐकू येत नाही."
त्याला! ज्याला हातभर मातीखालची गुंज ऐकू यायची.

दोन बाभळींच्या मधे,
फुटक्या जात्यापासून चौदा पावलं, जरा उजवीकडे.
इतकं मला पाठ आहे.
त्याची मान दिसत नाही, तेवढीच अडचण.

गेल्या आठवड्यात कुदळीला नवा दांडा घातला.
अजून गेलो नाही.